जुन्या ऑक्टेव्हिया आरएसचे इशारादिवे अधूनमधून लागतात: एबीएस, ब्रेक आणि बॅटरी

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार. माझ्याकडे 2005 सालची ऑक्टेव्हिया आरएस आहे. इंजिन 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल आणि आजवरचे रनिंग 1 लाख 46 हजार किलोमीटर. नऊ वर्षांपूर्वी मी ती पुण्याहून आणली आणि केए-22 वर पासिंग करून घेतली. तेव्हापासून टायमिंग बेल्ट, प्लग, ऑइल, सस्पेन्शनचे बुश ही सगळी कामे वेळच्या वेळी करत आलो आहे. गाडी जुनी असली तरी तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो लागल्यावर ती जशी खेचते, तशी दुसरी गाडी माझ्या ऐपतीत बसत नाही. म्हणून ती विकण्याचा विचार नाही आणि तसा सल्लाही नको आहे.

अडचण जूनच्या मध्यापासून सुरू झाली. निपाणीकडे जाताना वंटमुरी घाट चढून वर आलो की कधीतरी तीनदा पिक-पिक असा आवाज होतो आणि मीटरमध्ये एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा, ब्रेकचा लाल आणि बॅटरीचा लाल असे तीन दिवे एकदम लागतात. बॅटरीचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझतो, उरलेले दोन तसेच राहतात. बाजूला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली की सगळे दिवे जातात आणि पुढे संकेश्वरपर्यंत काहीही होत नाही. दिवे लागतात त्या क्षणी एसीच्या ब्लोअरचा आवाज किंचित खाली जातो असे माझ्या पत्नीने दोनदा सांगितले. माझे लक्ष रस्त्यावर असल्याने मी खात्रीने सांगू शकत नाही.

याखेरीज गावातही त्रास होतो. तिसऱ्या रेल्वे गेटाकडून उद्यमबागेत आमच्या फौंड्रीच्या (ओतकामाच्या) कारखान्याकडे वळताना किंवा कारखान्याच्या आवारात गाडी लावताना फक्त एबीएसचा पिवळा दिवा लागतो. आवाज होत नाही, लाल दिवाही लागत नाही. पाऊस असेल त्या दिवशी हे जास्त होते.

एका वर्कशॉपमध्ये एबीएसचे संपूर्ण युनिट बदलावे लागेल असे सांगितले गेले. दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक वेळी स्कॅनर लावून युनिटने नोंदवलेले दोषाचे कोड पुसून दिले आणि आता काही नाही म्हणून परत पाठवले. मी स्वतः फोनला जोडायचे साधे ब्लूटूथ स्कॅनरयंत्र घेतले. त्यात एकही कोड दिसत नाही. दिवा लागला असताना गाडी चालवणे कितपत सुरक्षित आहे आणि शोध नेमका कोठून सुरू करावा, हे कृपया सांगावे. महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून गोव्याला जावे लागते, त्यामुळे काळजी वाटते.

उत्तर (उद्यमबाग, वाहनांचे विद्युतकाम)

साहेब, तुम्ही लक्षणे नीट लिहिली आहेत, म्हणून अर्धे काम सोपे झाले. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि माझे मत असे झाले की ही एक तक्रार नसून दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दिवा एकच दिसत असल्यामुळे त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. घाटावर तीन दिवे एकदम लागतात ते एक दुखणे आणि गावात वळताना एकटा पिवळा दिवा लागतो ते दुसरे. एकाच औषधाने दोन्ही बरी करायला गेलात तर महागडे युनिट बदलूनही एक शिल्लक राहील, आणि मग नवे युनिटच खराब निघाले असा समज होईल.

कोणता दिवा लागला यापेक्षा कोणते दिवे एकत्र लागले याकडे आधी पाहावे. एकटा एबीएसचा दिवा लागतो तेव्हा बहुतेक वेळा एखाद्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा संकेत युनिटला नीट मिळत नसतो. युनिट स्वतः शुद्धीवर असते आणि फक्त एबीएसचे काम थांबवते. पण पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला आणि ब्रेकचे ऑइल पूर्ण भरलेले असेल, तर मागच्या चाकांवरचा ब्रेकचा जोर आवरणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्थासुद्धा बंद झाली असा त्याचा अर्थ होतो. ती व्यवस्था बंद होण्याचे मोठे कारण म्हणजे युनिटला पुरेसा व्होल्टेज न मिळणे. त्यात बॅटरीचा दिवा डोकावला आणि ब्लोअर खाली बसला, म्हणजे त्या क्षणी केवळ एबीएसला नव्हे तर सगळ्या गाडीलाच वीज कमी पडली. तुमच्या पत्नींनी जे ऐकले ते या सगळ्या वर्णनातले सर्वांत मोलाचे निरीक्षण आहे.

घाट चढल्यावरच का, याचे उत्तरही त्यात आहे. एसी चालू ठेवून इंजिनवर जोर देत चढल्यावर रेडिएटरचा पंखा मोठ्या वेगाने सुरू होतो आणि तो पंखा सुरू होताना करंट एकदम ओढतो. निरोगी गाडीत हे कळतही नाही. परंतु बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून बॉडीला जाणारी अर्थची जाड केबल सैल किंवा गंजलेली असेल, तर एवढा करंट त्या सांध्यातून जाताना तिथेच दोन-तीन व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरीवर मीटर लावला तर सगळे ठीक दिसते आणि युनिटपर्यंत मात्र अर्धपोटी वीज पोहोचते. एबीएसचे युनिट अशा वेळी चुकीचे काम करण्यापेक्षा बंद होणे पसंत करते आणि चावी पुन्हा फिरवेपर्यंत जागे होत नाही. अर्थची पातळीच डळमळली की मीटरच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) संदेश क्षणभर चुकीचा वाटू शकतो.

आता तपासणी. तुमचे ब्लूटूथ यंत्र इंजिनच्या कंट्रोल युनिटशी बोलते, एबीएसच्या युनिटशी नाही, म्हणून त्यात कोड दिसला नाही. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांचे सर्व युनिट वाचणारा स्कॅनर लागेल. कोड वाचा, कागदावर उतरवा, आणि कृपया पुसू नका. वीज कमी पडली असेल तर 00532 हा कोड सापडेल. चाकांच्या सेन्सरचे कोड वेगळे आहेत: पुढचे डावे 00283, पुढचे उजवे 00285, मागचे उजवे 00287 आणि मागचे डावे 00290. कोडपुढे ‘इंटरमिटंट’ किंवा ‘स्पोरॅडिक’ असा शेरा असेल तर दोष येऊन जाऊन असतो हे त्या युनिटनेच लिहून ठेवले आहे असे समजा. 65535 म्हणजे युनिटचा अंतर्गत दोष. तो कोड पुन्हा पुन्हा आला आणि वीज व अर्थ दोन्ही शुद्ध असल्याचे मोजून सिद्ध झाले, तरच युनिटवर संशय घ्यावा. माझ्याकडे ‘युनिट गेले’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या अर्थचा नट आवळून परत गेल्या आहेत.

कोडनंतर मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. हे बहुतेक बरोबरच निघेल, कारण दोष पुढच्या मोजणीत दिसतो. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर टेकवा, तिच्यावरच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि लाल पिन बॉडीच्या एखाद्या रंग नसलेल्या बोल्टवर. आकडा 0.1 व्होल्टच्या आत असावा. 0.2 च्या वर गेला तर त्या वाटेवर कुठेतरी अडथळा आहे. तीच मोजणी लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा करा. मीटरला किमान-कमाल नोंदीची सोय असेल तर मोजणी चालू ठेवून सोबत्याला केबल हाताने हलवायला सांगा. आकडा उडी मारेल त्या ठिकाणी चोर सापडतो.

तेवढ्यातच मीटर एसी व्होल्टवर नेऊन बॅटरीवर टेकवून पाहा. अल्टरनेटरचे डायोड चांगले असतील तर 0.1 व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसते. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर डायोड तपासावे लागतील. अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश झिजले असले तरी बॅटरीचा दिवा असा डोकावतो, म्हणून तेही लक्षात असू द्या.

आणि एक गोष्ट सांगा: जूनच्या आधीच्या सात-आठ महिन्यांत बोनेटखाली कोणते काम झाले होते? बॅटरी, क्लच, म्युझिक सिस्टिम, काहीही.

उत्तर (निपाणी)

दादा, माझ्याकडे याच पिढीची ऑक्टेव्हिया आहे, आरएस नाही, पण एबीएसचे वायरिंग बरेचसे सारखेच आहे. उद्यमबागेच्या काकांनी घाटावरच्या दोषाबद्दल लिहिले त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. गावात लागणाऱ्या एकट्या पिवळ्या दिव्याचा अनुभव मात्र मी दीड वर्ष घेतला आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो.

माझ्याही गाडीत दिवा फक्त वळताना आणि पावसात लागायचा. स्कॅनरवर पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा कोड, पुढे तोच ‘इंटरमिटंट’ शेरा. मी सेन्सर बदलला. आठ दिवस बरे गेले आणि दिवा परत आला. सेन्सर खराब लागला असेल म्हणून दुसरा बसवला. तोही तसाच. त्यानंतर चाकाचे बेअरिंग बदलले. पैसे गेले त्याचे दुःख आहेच, पण त्याहून अधिक वाईट वाटते ते याचे की इतक्या दिवसांत वायरला कोणी हात लावला नाही, आणि मीही लावायला सांगितले नाही.

सेन्सरची वायर चाकापासून निघून शॉकअॅब्सॉर्बरच्या बाजूने वर जाते आणि चाकाच्या कमानीतून आत शिरते. स्टिअरिंग फिरवले की ती दरवेळी वाकते, खड्ड्यात चाक वरखाली झाले की ताणली जाते. वीस वर्षे हे चालल्यावर बाहेरचे रबर अखंड दिसते, पण आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात. उरलेल्या दोन-चार तारांवर संकेत जात राहतो. चाक सरळ असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकतात आणि चाक वळले की सुटतात. आमच्याकडे हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यांची जी अवस्था होते आणि पावसाळ्यात जो तांबडा चिखल कमानीत जाऊन बसतो, त्याने ही झीज आणखी वाढते. पाणी शिरल्यावर तांबे काळे पडते, म्हणून पावसाशी संबंध दिसतो.

हे सिद्ध करण्याची रीत सोपी आहे. स्कॅनर एबीएसच्या युनिटला जोडून चारही चाकांचे वेग एकत्र दाखवणारा मापनगट उघडावा. माझ्या गाडीत तो 001 होता. मोकळ्या मैदानात ताशी 20 किलोमीटरच्या आसपास डावीकडे आणि उजवीकडे गोल फेऱ्या मारायच्या आणि शेजारी बसलेल्या माणसाने फक्त पडद्याकडे पाहायचे. वळणात बाहेरच्या चाकांचा वेग आतल्यांपेक्षा थोडा जास्त दिसतो, ते नैसर्गिक आहे. पण एखादे चाक क्षणात शून्यावर जाऊन परत आले तर ते चाक थांबले नव्हते, त्याची वायर थांबली होती. गाडी चालवणाऱ्याने पडद्याकडे मुळीच पाहू नये.

ओममीटर लावण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणत्या जातीचा सेन्सर आहे ते मॅन्युअलमधून पाहून घ्या. जुन्या कॉइलच्या सेन्सरमध्ये साधारण 1 ते 1.3 किलो-ओम इतका रेझिस्टन्स मिळतो. नंतर आलेल्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरला ओममीटर लावून काही निष्पन्न होत नाही आणि त्याला इजा होण्याचीही शक्यता असते.

उत्तर (खानापूर)

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु सुरक्षिततेचा प्रश्न मागे राहिला, म्हणून थोडक्यात लिहितो.

एकटा पिवळा दिवा असताना नेहमीचा ब्रेक लागतो. फक्त जोरात ब्रेक दाबल्यास चाके जाम होऊ शकतात. पिवळ्यासोबत लाल दिवा असेल तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरण्याचा धोका असतो, आणि जांबोटी ते कणकुंबी या पट्ट्यात भर पावसात व धुक्यात तो धोका पत्करू नये. दोष सापडेपर्यंत चोर्ल्याच्या फेऱ्या दुसऱ्या गाडीने कराव्यात, ही आग्रहाची विनंती.

दुसरे असे की, कोणतेही यंत्र लावण्यापूर्वी ब्रेक ऑइलची डबी पाहावी. पॅड झिजले की डबीतील पातळी खाली येते आणि ती सीमारेषेवर असेल तर चढावर किंवा वळणावर ऑइल एका बाजूला कलंडून लाल दिवा लागतो. पॅड पाहिल्याशिवाय नुसते ऑइल भरू नये, कारण पुढे नवे पॅड बसवताना तेच ऑइल डबीतून ओसंडून रंगावर सांडते. शेवटचे ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचे असेल तर या निमित्ताने तेही बदलून घ्यावे. आपल्या हवेत ते लवकर ओल धरते.

प्रश्नकर्ता (अकरा दिवसांनी)

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच गेलो आणि एकही सुटा भाग न बदलता बरेच काही हाती लागले आहे.

ब्रेक ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या जरा खाली आहे, पुढचे पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत, म्हणजे ते कारण बाद झाले. शहापुरातील एका ओळखीच्या मेस्त्रींकडे सर्व युनिट वाचणारा स्कॅनर मिळाला. एबीएसच्या युनिटमध्ये दोन कोड होते: 00532 आणि 00283, दोन्हींपुढे ‘इंटरमिटंट’. दोन दुखणी आहेत हे काकांनी गाडी न पाहता ओळखले होते, ते खरे निघाले. 65535 कुठेही नाही.

रविवारी सकाळी पाऊस उघडला तेव्हा मोजण्या केल्या. बॅटरीवर 12.5 व्होल्ट, इंजिन चालू असताना 14.1, मीटर एसी व्होल्टवर ठेवून 0.03. इथपर्यंत सगळे निरोगी. मग सर्व भार लावून काळी पिन खुंटीवर आणि लाल पिन बॉडीच्या बोल्टवर टेकवली, तर 0.46 व्होल्ट. इंजिनच्या धातूवर मात्र 0.07. एसी लावून पंखा सुरू होण्याची वाट पाहिली आणि मुलाला बॅटरीखालची केबल हलवायला सांगितली. कमाल नोंद 3.8 व्होल्ट झाली आणि त्याच क्षणी ब्लोअर दबला. हे मी प्रथमच स्वतःच्या कानांनी ऐकले.

काकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. मागच्या दिवाळीत बॅटरी बदलली होती आणि नवी बसवताना खालचा ट्रे काढला होता. मी आता ट्रे काढून पाहिले तर बॉडीच्या खुंटीवरचा अर्थचा नट बोटांनी फिरत होता. लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवट पांढरी पूड साचली होती, लगची कड काळी पडली होती, आणि केबलच्या टोकाकडचे रबर दोन बोटे उष्णतेने कडक झाले होते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सैल नटावरही काम भागले. पहिल्या पावसाने तिथे ओल धरली आणि जूनमध्ये त्रास सुरू झाला, असे मला वाटते. तुमचे मत कळवावे. आणि लग साफ करून तोच वापरू की केबल बदलू?

उत्तर (उद्यमबाग, वाहनांचे विद्युतकाम)

साहेब, तुमचा अंदाज बरोबर आहे. सैल सांधा कोरडा असेपर्यंत कसाबसा वीज सोडतो, ओल लागली की त्यावर गंजाचा थर चढतो, थर चढला की तो सांधा तापतो आणि तापला की गंज आणखी वाढतो. रबर कडक झाले आहे याचा अर्थ तो सांधा बराच काळ तापत होता. केबलचे टोक अर्ध्या फुटापर्यंत सोलून तांबे पाहा. आतून लालसर चकचकीत असेल तर नवा लग दाबून बसवता येईल. काळे पडले असेल तर केबलच बदला, ती फार महाग नसते.

काम करण्यापूर्वी रेडिओचा कोड जवळ आहे ना ते पाहा, कारण बॅटरी सोडल्यावर मूळ रेडिओ तो मागतो. दुसरी चावी गाडीच्या बाहेर ठेवा. निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी जोडा. खुंटीभोवतीचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चमकेपर्यंत काढा, लगच्या दोन्ही बाजू घासा, सांधा कोरडा असतानाच नट 13 च्या पान्याने नीट आवळा आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून मग नट आवळू नका. बॅटरीच्या वर जो फ्यूजचा डबा आहे त्याचेही झाकण उघडून अल्टरनेटरच्या मोठ्या फ्यूजचा पाया पाहा. या पिढीच्या गाड्यांत तिथले प्लास्टिक तापून वितळलेले अनेकदा सापडते आणि त्याचीही लक्षणे अशीच असतात.

चाकाच्या सेन्सरकडे वळाल तेव्हा तो काढून त्याचे टोक पाहा. कॉइलच्या सेन्सरच्या टोकाला चुंबक असतो, आणि तुमची गाडी रोज फौंड्रीच्या आवारात उभी असते. आमच्या भागातील गाड्यांच्या सेन्सरवर लोखंडाचा भुगा मिशांसारखा चिकटलेला मी नेहमी पाहतो. जुना सेन्सर काढताना टॉमीने (लोखंडी दांड्याने) उपसू नका; गंजाने तो घरात धरून बसतो आणि प्लास्टिक तुटते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी डावी-उजवीकडे थोडे थोडे फिरवत सोडवा.

प्रश्नकर्ता (आणखी सोळा दिवसांनी)

काम पूर्ण झाले. अर्थची केबल आतून काळी निघाली, म्हणून त्याच जाडीची नवी केबल नव्या लगसह बसवली. बॅटरीवरच्या फ्यूजच्या डब्याचे प्लास्टिक शाबूत आहे, वितळल्याची खूण नाही. तीच मोजणी तशाच भाराखाली पुन्हा केली: बॉडीवर 0.04 व्होल्ट, आणि पंखा सुरू होताना कमाल 0.09. त्यानंतर वंटमुरी चार वेळा आणि तवंदी घाट दोन वेळा एसी लावून चढलो. तीन दिवे एकदाही लागले नाहीत.

अपेक्षेप्रमाणे एकटा पिवळा दिवा मात्र राहिलाच. कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत निपाणीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे गोल फेऱ्या मारल्या, मुलगा स्कॅनर घेऊन शेजारी बसला. उजवीकडे वळताना काही नाही. डावीकडे पूर्ण वळवल्यावर तीन चाके 18 ते 21 दाखवत असताना पुढचे डावे चाक एकदम शून्य झाले आणि पुन्हा 19 वर आले, आणि लगेच दिवा लागला. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तसेच झाले.

मॅन्युअलप्रमाणे माझ्या गाडीत कॉइलचे सेन्सर आहेत. चाक काढून सेन्सर सोडवला तर काकांनी लिहिलेल्या मिशा खरोखरच होत्या. काळ्या, बारीक, कापडाने पुसल्यावर बोटांना टोचणाऱ्या. त्या साफ केल्या. सेन्सरचा रेझिस्टन्स 1.12 किलो-ओम, म्हणजे सेन्सर चांगला आहे. मग मीटर युनिटच्या बाजूच्या टोकाला लावून वायर शॉकअॅब्सॉर्बरजवळच्या क्लिपपाशी बोटांत धरून हळूहळू वाकवली. आकडा 1.12 वरून क्षणात नाहीसा झाला. बाहेरचे रबर अखंड होते, फक्त त्या एका जागी ते इतर ठिकाणांपेक्षा मऊ लागत होते. ब्लेडने उभे चिरून पाहिले तेव्हा आतल्या एका वायरच्या दोनच तारा शिल्लक होत्या आणि त्याही हिरव्या पडलेल्या.

मेस्त्रींनी तो भाग कापून लवचीक बहुतारी वायरचा नवा तुकडा घातला. दोन्ही जोड वाकणाऱ्या जागेपासून दूर घेतले, सोल्डर करून आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवली, आणि मूळ वायरींना जसा पीळ होता तसाच पीळ नव्या तुकड्यालाही दिला. सुटलेली क्लिप नवी लावली. सेन्सर जुनाच आहे.

पुन्हा फेऱ्या मारल्या, चारही चाकांचे आकडे दोन्ही बाजूंना सलग राहिले. आता कोड पुसले आहेत आणि गेल्या नऊ दिवसांत, त्यांतले सहा दिवस पावसाचे, युनिटमध्ये एकही नोंद नाही. काल कणकुंबीमार्गे चोर्ला उतरून साखळीपर्यंत गेलो आणि परत आलो. मीटरमध्ये फक्त काटे होते.

उजव्या बाजूची वायरही तेवढ्याच वयाची असल्याने ती तशीच हाताने वाकवून तपासली. आकडा हलला नाही. तिला आत्ताच बदलावे की पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे?

उत्तर (निपाणी)

दादा, थांबा. वायर चांगली असताना कापून नवे दोन जोड घालणे योग्य नाही. उजव्या चाकाची क्लिप आणि कमानीतला रबरी ग्रोमेट जागेवर आहे ना एवढे पाहा, चिखल धुऊन घ्या, आणि दिवाळीनंतर एकदा तसेच वाकवून मोजा.